शक्तीची पुडी आणि घरातला अबोला

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



व्यासपीठावर उभे राहून बोलण्याचा माझ्या आयुष्यातला हा पहिलाच प्रसंग. माझे शिक्षण सातवीपर्यंत, तेही मुरबाड तालुक्यातल्या खेड्यात. आपल्या मंडळात माझे काम पापड-लोणच्यांचे. हिशेबाची वही लिहायची म्हटली तरी मी शेजारणीला हाक मारते. असे असताना कार्यकारिणीने मला "आरोग्यावर चार शब्द बोला" असे सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मग विचार केला, की आपल्या घरात जे घडले, ते दुसऱ्या घरात घडू नये, एवढे तर आपल्याला सांगता येईल. त्याला शिक्षण कशाला लागते?

विषय थोडा संकोचाचा आहे. पुरुषांच्या उतारवयाचा, आणि त्या वयात ते ज्या झाडपाल्याच्या ‘शक्तिवर्धक’ औषधांच्या मागे लागतात, त्यांचा. कोणी पदराआड हसेल, कोणी म्हणेल हे काय बायकांच्या सभेत बोलायचे? पण भगिनींनो, घरातल्या माणसाचे दुखणे हे बायकांचे नाही, तर मग कोणाचे? आणि मी हे आमच्या घरच्यांच्या संमतीनेच बोलते आहे, हे आधी सांगून ठेवते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. हे तेव्हा चोपन्न वर्षांचे होते. अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथवर काम करतात. माणूस कष्टाळू, हसतमुख. दर गुरुवारी भजनाला जायचे, पखवाज वाजवायचे. हळूहळू भजन सुटले. कामावरून आले की खुर्चीत बसायचे आणि ताट वाढेपर्यंत डोळा लागायचा. लहानसहान गोष्टींवरून चिडू लागले. मुलाने पंखा बंद केला म्हणून एकदा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. आणि आणखी एक गोष्ट. ती मी फार उघड करून सांगणार नाही, संसारी बायका समजून घेतील. आमच्या दोघांत अंतर पडले. हे भिंतीकडे तोंड करून झोपू लागले.

मला काय वाटले असेल? मला वाटले, दोष माझाच. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची. केस पांढरे होऊ लागलेले, अंग सुटलेले, पाळीही मागेपुढे होऊ लागलेली. आपण यांना आता नकोशा झालो, असे मी मनाशी धरून बसले. एकदा पैसे साठवून नवी साडी घेतली. ह्यांनी पाहिलेसुद्धा नाही. भाजी चिरताना मी किती वेळा डोळे पुसले, याचा हिशेब नाही. कांद्याचे निमित्त होतेच.

मग एक दिवस गणपतीच्या मखराचे सामान काढायला माळ्यावर चढले, तो मागे एका पिशवीत तीन जिनसा सापडल्या. एका बाटलीत अश्वगंधा, गोखरू आणि मुसळीच्या अर्काच्या कॅप्सुला. एका डबीत काळा चिकट शिलाजित. आणि एका साध्या कागदाच्या पुडीत तपकिरी चूर्ण, त्यावर ना नाव, ना गाव. बाटलीवर लिहिले होते, "चाळीस दिवसांत वीस वर्षांपूर्वीचे तारुण्य." बाटली आणि डबी मोबाईलवरच्या जाहिरातीतून मागवलेली, पुडी हमरस्त्याच्या कडेला तंबू ठोकून बसणाऱ्या कोणाकडून आणलेली. पिशवीतल्या पावत्या मी जमवल्या, त्या ६,८०० रुपयांच्या झाल्या. ज्या महिन्यात मी तेलाचा डबा उधार आणला, त्या महिन्यातल्या!

पण मी काय केले? पिशवी होती तशी ठेवून दिली आणि खाली उतरले. झाकली मूठ सव्वा लाखाची! भगिनींनो, माझी पहिली चूक ती. हे लपवत होते, आणि आता मीही लपवू लागले. एका घरात दोन माणसे, आणि दोघांच्या पोटात एकच गोष्ट.

महिनाभराने एका पहाटे हे न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. कपाळाला खोक पडली. शेजारच्या भाऊजींनी रिक्षा आणली, दवाखान्यात नेले. ह्यांना चार वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी विचारले, "त्या गोळीशिवाय आणखी काही घेता का?" हे म्हणाले, "नाही." मी गप्प उभी. डॉक्टरांनी पुन्हा विचारले. हे पुन्हा नाही म्हणाले. तेव्हा मी पिशवीतून ती बाटली, ती डबी आणि ती पुडी काढली आणि टेबलावर ठेवली. घरातून निघताना माळ्यावर चढून मी ती घेतली होती.

ह्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी विसरणार नाही. डॉक्टर मात्र म्हणाले, "वहिनी, हे आणलेत ते फार बरे केलेत."

पुढे चार दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. पण त्या चार दिवसांत तपासण्या झाल्या. ह्यांना मधुमेह झाला होता आणि कोणालाच पत्ता नव्हता. मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी जी तपासणी असते, तिचा आकडा ९.४ आला. निरोगी माणसाचा ५.७ च्या आत असतो. वजन ८६ किलो. घोरणे तर पूर्वीपासूनचेच. थकवा, चिडचिड आणि बाकी सगळे ज्याला हे ‘शक्ती गेली’ म्हणत होते, त्याच्या मुळाशी हे बसले होते. आणि हे वर पुड्यांचा मारा करत होते.

आता डॉक्टरांनी मला जे समजावले, आणि औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या माझ्या पुतणीने जे वाचून दाखवले, ते माझ्या भाषेत सांगते.

पुरुषाच्या शरीरात टेस्टॉस्टेरॉन नावाचे एक संप्रेरक असते. दाढी-मिशा, भारदस्त आवाज, स्नायूंची ताकद, उमेद, कामेच्छा या सगळ्याला त्याचा आधार. आपल्या बायकांचे काय होते? पन्नाशीच्या आसपास पाळी थांबते, आणि निसर्ग एक दार बंद करतो. पुरुषांचे तसे नसते. तिशी-चाळिशीनंतर ते प्रमाण दर वर्षी सुमारे शेकडा एक या हिशेबाने हळूहळू उतरते. बांधावरून पाणी झिरपावे तसे. म्हणून उतार हा रोग नव्हे. युरोपात आठ ठिकाणी ४० ते ७९ वयाच्या ३,३६९ पुरुषांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. केवळ वयापोटी प्रमाणही कमी आणि लक्षणेही तशीच, असे पुरुष शेकडा दोनच्या आसपास निघाले. बाकीच्यांच्या थकव्याला दुसरीच कारणे असतात. लठ्ठपणा, मधुमेह, झोपेची कमतरता, दारू, काळजी. शिकागोत दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिले, तर त्यांचे दिवसाचे प्रमाण शेकडा १० ते १५ ने घसरले. हे २०११ साली छापून आले. तरुणांची ही गत, तर पाळ्या करणाऱ्या आमच्या माणसांचे काय?

ह्यांची रक्ततपासणी सकाळी आठ वाजता केली, कारण सकाळी हे प्रमाण सर्वांत जास्त असते. आकडा २७१ आला. ३०० च्या खाली कमी समजतात. पण एका आकड्यावर निकाल देत नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहतात. दुसऱ्यांदा २८८ आला. डॉक्टर म्हणाले, "आधी साखर आणि वजन उतरवू. मग पाहू." ज्याला खरीच गरज आहे त्याच्यासाठी डॉक्टरांकडे उपचार आहेत, पण ते रक्त आणि प्रोस्टेट ग्रंथी तपासत, देखरेखीखाली घ्यायचे असतात.

आता त्या झाडपाल्याविषयी. भगिनींनो, मी झाडपाल्याची वैरीण नाही. माझे माहेर जंगलालगतचे. पावसाळ्यात आम्ही फोडशीची भाजी खुडून आणायचो, आजही कल्याण स्टेशनबाहेर ठाकर बायका ती विकायला बसतात. त्याच गोतातली सफेद मुसळी. तिच्या शास्त्रीय नावातच आपली बोरिवली आहे. औषधासाठी लोकांनी तिची मुळे इतकी उपसली, की रानात ती विरळ झाली. वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अंग आहे, आणि चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनानंतर लगेच त्याचाच अध्याय येतो. म्हणजे ही विद्या जुनी आणि मानाची. पण त्या विद्येतही माणसाची प्रकृती, वय आणि पचन पाहून औषध देतात. हमरस्त्यावरच्या तंबूत कोणाची प्रकृती पाहतात?

आता एकेक घेऊ. अश्वगंधा, म्हणजे आपल्याकडचा आस्कंद. ऑस्ट्रेलियात ४० ते ७० वयाच्या, वजन जास्त असलेल्या पुरुषांवर चाचणी झाली, ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. आठ आठवडे अर्क घेतल्यावर टेस्टॉस्टेरॉन नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सुमारे शेकडा १५ ने अधिक भरले. पण थकवा, उत्साह आणि कामजीवन यांत दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा खास फरक दिसला नाही. म्हणजे कागदावरचा आकडा वाढला, माणूस होता तिथेच. गोखरू, ज्याचा सराटा आपल्या पायात रुततो, त्याने माणसांवरच्या बहुतेक चाचण्यांत हे प्रमाण वाढवले नाही. मेथीच्या अर्काने काही चाचण्यांत थोडे वाढले, काहींत नाही. मुसळीचे प्रयोग बरेचसे उंदरांवरचे. आणि शिलाजित तर वनस्पतीच नव्हे, डोंगराच्या खडकातून पाझरणारा पदार्थ. नीट शुद्ध केला नाही तर त्यात शिसे-पाऱ्यासारखे विषारी धातू असू शकतात.

तुम्ही म्हणाल, मेथीचे लाडू तर आपण दर थंडीत करतो. खुशाल करावेत. पण लाडू वेगळा आणि अर्क वेगळा. दूध आटवून आटवून खवा करतो, तसा हा अर्क. वाटीभर दूध पचते म्हणून कोणी वाटीभर खवा रोज खात नाही. मेथीच्या अर्काने साखर उतरते, अश्वगंधेने साखर आणि रक्तदाब दोन्ही उतरू शकतात. आधीच त्या गोळ्या चालू असतील, तर दोहोंचा भार एकदम पडतो. अश्वगंधेने थायरॉईडचे प्रमाण वाढू शकते. काही जणांच्या यकृतालाही ती बाधली आहे. आइसलँड आणि अमेरिकेतले असे पाच रोगी २०२० साली एका वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले. अंगाला खाज, डोळे पिवळे. औषध बंद केल्यावर ते बरे झाले. डेन्मार्कने तर २०२३ साली अश्वगंधेवर बंदीच घातली. आपल्या आयुष मंत्रालयाने २०२१ साली कारखानदारांना कळवले, की मूळच वापरा, पाने वापरू नका. बाटलीवर ‘मूळ’ लिहिले आहे की नाही, हे आपण वाचतो तरी का?

आणि सर्वांत मोठा धोका नाव नसलेल्या पुडीचा. अमेरिकेच्या औषध खात्याला ‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा अनेक शक्तिवर्धक मालात सिल्डेनाफिल हे औषध गुपचूप मिसळलेले सापडले आहे. छातीत दुखते म्हणून जिभेखाली गोळी ठेवणाऱ्या माणसाच्या पोटात हे औषध गेले, तर रक्तदाब एकाएकी कोसळून तो दगावू शकतो. आमच्या पुडीत काय होते, ते कोणी तपासले नाही. ह्यांची चक्कर तिच्यामुळे, कॅप्सुलांमुळे की साखरेमुळे, हे डॉक्टरांनीही ठामपणे सांगितले नाही. त्यांनी सगळेच बंद करायला लावले, आणि यकृताची तपासणी केली. ती सुदैवाने ठीक आली.

अशा जाहिरातींना आपल्या देशात १९५४ सालच्या कायद्याने मनाई आहे. कामशक्ती वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणे हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. कायदा माझ्याहून वयाने मोठा, तरी जाहिरात रोज मोबाईलवर येते. का येते? कारण गिऱ्हाईक लाजरे असते. फसला तरी तक्रार करायला जात नाही. भगिनींनो, त्यांचा धंदा मुळीवर चालत नाही, तो आपल्या लाजेवर चालतो.

आता त्या चार दिवसांच्या अबोल्याचे सांगते. पाचव्या रात्री ह्यांनी दिवा मालवला आणि अंधारात म्हणाले, "तू डॉक्टरांसमोर माझी अब्रू घालवलीस." मी म्हटले, "अहो, अब्रू गेली तर परत येईल. तुम्ही गेलात तर मी काय करू?" मग बराच वेळ कोणी बोलले नाही. नंतर म्हणाले, "मला वाटले, मी आता कुचकामी झालो. तू मला तसेच समजत असशील." भगिनींनो, माझा तर श्वासच अडकला. मी माझ्या पांढऱ्या केसांसाठी रडत होते, आणि हे आपल्या जागी तेच रडत होते! त्या रात्री आम्ही पहाटेपर्यंत बोललो. पंचवीस वर्षांच्या संसारात इतके कधी बोललो नव्हतो.

पुढे काय झाले? चमत्कार झाला नाही. मधुमेहाची गोळी सुरू झाली. मी भात निम्मा केला, ज्वारीची भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी वाढवली. चहातली साखर बंद केली, त्यावरून आठ दिवस भांडणे झाली. सकाळी आम्ही दोघे खाडीच्या बाजूला चालायला जाऊ लागलो. पहिल्या दिवशी अर्ध्यातून परतलो, आता तासभर चालतो. रात्री दहाला मोबाईल कपाटात. नऊ महिन्यांत ह्यांचे वजन आठ किलोंनी उतरले, साखरेचा आकडा ६.८ वर आला, आणि सकाळच्या तपासणीत टेस्टॉस्टेरॉन ३५२ निघाले. एकही पुडी न घेता. विशीचे तारुण्य आले का? नाही. ते माझेही कुठे आले आहे? पण हे जेवताना झोपत नाहीत, हसतात, आणि गुरुवारी पखवाज पुन्हा वाजतो. भिंतीकडे तोंड करून झोपणे संपले. याहून जास्त मी देवाकडे मागितले नव्हते.

घरोघरी मातीच्या चुली. म्हणून जाता जाता चार गोष्टी हात जोडून सांगते.

घरचा माणूस थकू लागला, चिडू लागला, दूर जाऊ लागला, तर दोष स्वतःच्या रूपाला देऊ नका आणि त्याच्या पुरुषत्वालाही देऊ नका. आधी साखर, रक्तदाब, थायरॉईड आणि वजन पाहा.

टेस्टॉस्टेरॉनची तपासणी करायचीच झाली तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून, सकाळी, आणि दोनदा.

झाडपाल्याचे औषध घ्यायचे असेल तर शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्याकडे जा, आणि चालू गोळ्या त्यांना दाखवा. तसेच डॉक्टरांना वैद्याचे औषध दाखवा. एकापासून दुसरे लपवू नका. नाव-गाव नसलेली पुडी असेल, तर ती कचऱ्यात.

आणि चौथी, सर्वांत अवघड. माळ्यावर पिशवी सापडली, तर ती परत ठेवून खाली उतरू नका. चक्कर येण्याची वाट पाहू नका. मी महिनाभर पाहिली, आणि तो महिना आजही मला टोचतो. सर्वांसमोर नको, मुलांसमोर नको, पण रात्री दिवा मालवल्यावर हळूच विचारा, "अहो, काय होते आहे?" एवढेच. बाकी सगळे त्यानंतर सुचते.

हे भाषण मी काल रात्री ह्यांना वाचून दाखवले. त्यांनी चष्मा लावून सगळे ऐकले, आणि एकच ओळ खोडायला लावली. ती कोणती, ते मी सांगणार नाही. तेवढी झाकली मूठ राहू द्या.

 आपले मंडळ असेच वाढो, आणि आपल्या साऱ्यांच्या घरांत बोलणे राहो, एवढी प्रार्थना करून मी माझे दोन शब्द संपवते.